कान्हेरीच्या वाटेवर धावणारी आपली मुले



बोरिवलीचे नॅशनल पार्क आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. बुद्धपौर्णिमेला किंवा शाळेच्या सुट्टीत डब्यात चपाती-भाजी बांधून, सगळे कुटुंब घेऊन आपण कान्हेरीला जातो. लेणी पाहायची, चैत्यासमोर फोटो काढायचा, माकडांपासून डबा सांभाळायचा आणि संध्याकाळी थकून लोकल पकडायची, अशी ती सहल असते. वर्षातून एकदा जंगल पाहिले, संपले. परंतु याच जंगलात रोज पहाटे धावायला जाणारी माणसे आहेत. ती बहुतेक महामार्गालगतच्या मोठ्या इमारतींमधून येतात. पायात महागडे बूट, मनगटावर वेळ आणि ठोके मोजणारे घड्याळ, आणि खांद्यावर पाण्याची नळी असलेली पिशवी. त्या गर्दीत गेली दीड-दोन वर्षे दर रविवारी आमच्या वस्तीतील आठ-दहा मुलेमुलीही असतात. त्यांच्यामागून धापा टाकत येणारा चाळिशी ओलांडलेला कारकून म्हणजे मी. मी काही खेळाडू नव्हे. बी.कॉम. झालो, कचेरीत हिशेबाच्या वह्या सांभाळल्या आणि साखर वाढल्यावर डॉक्टरांनी चालायला लावले, एवढीच माझी पात्रता.

हे सुरू झाले ते एका मुलीमुळे. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. नाव छापू नका, असे त्या माउलीने मला बजावले आहे, म्हणून छापत नाही. मुलगी बारावी झालेली, अभ्यासात बरी. २०२३ च्या वनरक्षक भरतीत ती लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी पुढे गेली आणि धावण्यात मागे पडली. या भरतीत मुलांना पाच किलोमीटर आणि मुलींना तीन किलोमीटर धावावे लागते. त्या वर्षी धावण्याला ८० गुण होते. म्हणजे रात्र रात्र जागून मिळवलेले गुण मैदानावर पंधरा-वीस मिनिटांत हातचे जातात! ती घरी आली तेव्हा रडली नाही. मला म्हणाली, "काका, मला धावता येत नाही असं नाही. मला धावायला जागाच नाही."

हे अगदी खरे होते. वस्तीतले मैदान म्हणजे अर्धे गाड्यांनी भरलेले आणि अर्धे तारेचे कुंपण घालून तासावर भाड्याने दिलेले. महामार्गाच्या कडेने धावावे तर धूर, भटकी कुत्री आणि टपरीवर उभ्या पोरांची शेरेबाजी. मुलगी धावू लागली की चार माणसे वळून बघतात आणि पाचवा तिच्या घरी जाऊन सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचीही तीच रड. त्यांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. अंतर कमी वाटते, पण सरावाशिवाय तेही जीव काढते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांनी प्राण गमावले, हे आपण विसरू नये. त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. घरची परिस्थिती, रात्रीचा प्रवास, रिकामे पोट आणि वर ऊन. अशा अवस्थेत एकदम जोर लावला की शरीर ऐकत नाही.

म्हणून आम्ही जंगलाकडे वळलो. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून चालत पंधरा-वीस मिनिटांत पार्कचे मुख्य फाटक येते. सकाळी फिरायला व धावायला येणाऱ्यांसाठी पास मिळतो. त्याचा दर आणि वेळा खिडकीवर विचाराव्यात, कारण त्या बदलत असतात. सोमवारी पार्क बंद असते. फाटकापासून कान्हेरीपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, आणि नवख्यांसाठी तोच उत्तम. सुरुवातीला तो बराचसा सपाट आहे, झाडांची सावली आहे आणि बाजूने दहिसर नदी वाहते. मुलींनी दीड किलोमीटर जाऊन परत फिरावे, म्हणजे भरतीचे तीन किलोमीटर झाले. मुलांनी अडीच जाऊन परतावे. मोबाइलवर अंतर मोजता येते, घड्याळ विकत घ्यायची गरज नाही. कान्हेरी जवळ आली की चढ लागतो, आणि खरी परीक्षा तिथे होते.

आमच्या मुलांनी पहिल्या रविवारी जी चूक केली ती सगळेच करतात. फाटकातून सुटली ती शर्यतीतल्या घोड्यासारखी, आणि पाचशे मीटरवर कमरेवर हात ठेवून उभी! तेव्हा तेथील एका वयस्कर धावपटूंनी आम्हाला थांबवून समजावले. पहिला महिनाभर दोन मिनिटे धावा, एक मिनिट चाला. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. चढावर पावले लहान टाका, वाटल्यास सरळ चाला, त्यात कमीपणा नाही. उतारावर टाच आपटून ब्रेक मारू नका, गुडघे किंचित वाकवून हलके उतरा. नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवा. हे सद्गृहस्थ कोणत्या समाजाचे, काय हुद्द्याचे, मी विचारले नाही. त्यांनीही आम्हाला विचारले नाही. जंगलात भेटलेल्या माणसाला आपण 'कुठे राहता' असे विचारतो त्यामागे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

डांबरावर धावणे आणि मातीच्या वाटेवर धावणे यांत फार फरक आहे. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखे पडते. मातीच्या वाटेवर मूळ, दगड, खड्डा आणि ओली पाने यांमुळे प्रत्येक पाऊल वेगळे. त्यामुळे घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू तयार होतात, गुडघ्यांवर कमी आदळआपट होते, आणि वेग आपोआप आटोक्यात राहतो. वनरक्षकाचे काम तर अशाच वाटांवरचे. निवड यादीत आल्यावर मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते, ते काही उगाच नाही.

पण इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. डांबरी रस्ता सोडून आत जाणाऱ्या पायवाटांवर मनाला येईल तसे शिरता येत नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध. बोरिवलीच्या बाजूला ओढ्याच्या काठाने जाणारी शिलोंड्याची वाट आहे. कान्हेरीच्या वरून पुढे चढत जाणाऱ्या वाटा आहेत. उत्तरेला घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे वसईच्या खाडीला टेकलेले नागल्याचे रान आहे. या ठिकाणी वन खात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या घेऊनच जावे. पार्कचे निसर्ग माहिती केंद्र अशा पदभ्रमंती आयोजित करते. तुळशी आणि विहार या तलावांकडे तर परवानगीशिवाय फिरकूही नये. विहार १८६० साली आणि तुळशी १८७९ साली बांधून पूर्ण झाला. विहारचे पाणी नळाने आले आणि मुंबईला विहिरी-तळ्यांखेरीज पहिल्यांदा दुसरे पाणी मिळाले. आजही आपण जे पितो त्यात या जंगलाचा वाटा आहे. ठाण्याच्या बाजूने येऊरचा चढाचा रस्ता आहे. तिथे रविवारी धावणारे आणि सायकलवाले बरेच असतात. ठाणे, कळवा, मुंब्रा भागातील आपल्या मुलांना तो जवळ पडेल. चढ मात्र दमवणारा आहे.

आता बिबट्याविषयी. आमच्या वस्तीतील आयाबायांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो अगदी रास्त होता. २००२ ते २००४ या काळात या जंगलाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली, त्यांत लहान मुले जास्त होती. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी अशीच गेली. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत या जंगलात आणि आसपास ३५ बिबटे आढळले. पुढच्या मोजण्यांत तो आकडा चाळिशीच्या पुढे गेला. म्हणजे बिबट्या आहे, आणि राहणार आहे. मग मुलांना तिथे न्यायचे कसे?

याचे उत्तर मी वन खात्याच्या माणसांकडून आणि पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासी बांधवांकडून घेतले. कान्हेरीच्या वाटेवर आणि येऊरला वारली, मल्हार कोळी वगैरे समाजाचे पाडे आहेत. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहतात. ते सांगतात की बिबट्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो, आणि उभ्या माणसापेक्षा खाली बसलेला, वाकलेला, लहान जीव त्याला भक्ष्य वाटतो. म्हणून आम्ही नियम केले. फाटक उघडले तरी पूर्ण उजाडल्याशिवाय आत जायचे नाही. एकट्याने धावायचे नाही. सर्वांत लहान मूल मध्ये ठेवायचे. बुटाची नाडी सुटली तर सगळ्यांनी थांबायचे. नैसर्गिक विधीसाठी झाडीत एकट्याने जायचे नाही, प्रसाधनगृह वापरायचे. आणि चुकून बिबट्या समोर आलाच, तर धावायचे नाही! ताठ उभे राहायचे, हात वर करायचे, मोठ्याने बोलायचे आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरायचे. धावायला शिकवणाऱ्या माणसाने 'धावू नको' हे आधी शिकवावे लागते, याचे मुलांना फार हसू आले. पण प्रत्येकाकडून मी ते पाठ करून घेतले आहे. अजून तरी आम्हाला बिबट्या दिसलेला नाही. मातीत पावलांचे ठसे मात्र एकदा दिसले.

दुसरी गोष्ट आपल्या वस्त्यांशी निगडित आहे. या जंगलातील बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. कुत्री जमतात कचऱ्यावर. म्हणजे जिथे कचरा उचलला जात नाही तिथे कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. मोठ्या सोसायटीचा कचरा रोज उचलला जातो, आपल्या गल्लीतला चार-चार दिवस पडून असतो. तेव्हा बिबट्या आपल्याच दारात का येतो, या प्रश्नाचे उत्तर जंगलात शोधू नका, कचराकुंडीपाशी शोधा. त्यासाठी अर्ज, मोर्चा, पाठपुरावा हे आपले नेहमीचे मार्ग आहेतच.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गरिबांविषयी लिहिताना १९९७ साल टाळता येत नाही. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पुढच्या काही वर्षांत उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. काहींचे चांदिवलीला पुनर्वसन झाले, तेही किती वाट पाहिल्यावर! जंगल वाचले पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही, पाणी आणि हवा आपल्यालाही लागते. परंतु ज्यांना जंगलाचे शत्रू ठरवले गेले त्यांच्याच घरची एक मुलगी आज या जंगलाची रक्षक होण्यासाठी पहाटे उठून धावते आहे, हे मला फार मोठे वाटते. पार्कचे फाटक तिलाही तितकेच उघडे आहे. फाटकाशी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती बिचकली होती. आजूबाजूचे बूट आणि कपडे पाहून हळूच म्हणाली, "काका, आपल्याला सोडतील ना?" पास दाखवला, आणि सोडले. एवढेच घडले. पण ती 'सोडतील ना' हा शब्द मी विसरू शकत नाही.

बुटांचा हिशेब सांगतो, कारण तो माझा प्रांत आहे. डांबरी रस्त्यासाठी साधे, पण मापाचे आणि मऊ तळव्याचे बूट पुरतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. झिजलेल्या तळव्याचे बूट पावसाळ्यात घालू नयेत, शेवाळलेल्या दगडावर ते साबणासारखे सरकतात. आम्ही वस्तीत वर्गणी काढून पाच जोड घेतले आणि मापाप्रमाणे आळीपाळीने वापरले. मुलींसाठी सलवार आणि सैल टी-शर्ट चालतो, खास कपडे लागत नाहीत. धावण्यापूर्वी अर्धे केळे किंवा गूळ-शेंगदाणे, आणि परत आल्यावर घरची भाकरी-उसळ. बाटलीबंद रंगीत पेयांवर पैसे घालवू नयेत, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी तेच काम करते. आणि मातांनो, मुलगी चढावर लवकर दमत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. आमच्या गटातल्या तीन मुलींचे हिमोग्लोबिन कमी निघाले. गोळ्या आणि पालेभाजी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक पडला.

कान्हेरीच्या चढावर धावताना मला नेहमी एक विचार येतो. या काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदायला सुरुवात झाली आणि हे काम हजारएक वर्षे चालू राहिले. सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी आणि सामान्य उपासक-उपासिकांनी दान दिल्याचे शिलालेख तिथे आहेत. भिक्खू या साऱ्या बंदरांकडे ये-जा करत ती पायीच. आज आपण ज्याला जंगलातली वाट म्हणतो ती त्यांची रोजची वाट होती. धम्मात चंक्रमणाला मोठे स्थान आहे. चालण्याचे पाच लाभ भगवंतांनी सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, रोग कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. डॉक्टरांनी मला फी घेऊन जे सांगितले त्यातले निम्मे यात आले! लेण्यांसमोर पाण्याची टाकी आहेत, बसायला दगडी बाक कोरलेले आहेत. चैत्यगृहाच्या ओसरीतील बावीस-तेवीस फुटी बुद्धमूर्तींसमोर आमची मुले धावून आल्यावर दोन मिनिटे शांत उभी राहतात. मी सांगत नाही, ती आपणहून राहतात.

ऋतूंचेही भान ठेवावे. पावसाळ्यात ओढे पाहता पाहता फुगतात, सापही बाहेर पडतात, म्हणून आम्ही तेव्हा डांबर सोडत नाही. त्याच दिवसांत जंगल सर्वांत देखणे असते, हेही खरे. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ साली फुलली तेव्हा आमच्या पोरांनी धावणे सोडून फोटोच काढले. मी रागावलो नाही. उन्हाळ्यात करवंदे पिकतात, ती तोडू नयेत. ती जनावरांची आहेत, आणि पाड्यावरच्या बायकांची.

त्या मुलीचे काय झाले, असे विचाराल. पुढच्या जाहिरातीची ती वाट पाहते आहे. तीन किलोमीटरच्या तिच्या वेळेतून आतापर्यंत चार मिनिटांहून अधिक कमी झाली आहेत. माझ्या वहीत दर रविवारचा आकडा आहे. घरात मात्र कुरकुर सुरूच होती. पोरगी पहाटे बाहेर जाते, लग्नाचे वय आहे, लोक काय म्हणतील, वगैरे. मी बोलून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटी गेल्या महिन्यात एका रविवारी कामावर सुट्टी टाकून तिची आईच आमच्याबरोबर आली. बसने वर जाऊन ती कान्हेरीच्या तिकीटखिडकीजवळच्या पायरीवर पदर सावरून बसली. मी पुढे चालत पोहोचलो होतो. थोड्या वेळाने वळणावरून मुले येताना दिसली. सर्वांत पुढे दोन मुलगे, त्यांच्यामागे ही, लहान लहान पावले टाकत, चेहरा लालबुंद. शेवटच्या चढावर तिने एका मुलाला मागे टाकले.

आई उभी राहिली. मला वाटले, काहीतरी बोलेल. पण तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडले आणि मुलीपुढे धरली.

"आधी पाणी पी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, किती लागले हो तिला?"